जर्मनीत नोकरीला येताय? आरोग्य विम्याचा निर्णय असा घ्या

पुण्याहून किंवा नाशिकहून म्युनिक, श्टुटगार्ट, फ्रँकफर्टला नोकरीसाठी आलेल्या माणसाला पहिल्या पंधरवड्यातच एचआरकडून विचारणा होते: आरोग्य विमा कुठला घेणार? त्याच सुमारास एखादा एजंट लिंक्डइनवर ओळख काढतो, अगदी आपल्या भाषेत बोलतो आणि हिशेब मांडतो की पब्लिकमध्ये, म्हणजे सरकारी विम्यात, महिन्याला सहाशे युरो कापले जातील, प्रायव्हेटमध्ये, म्हणजे खाजगी विम्यात, जेमतेम तीनशे. हिशेब बहुतेक वेळा खरा असतो. पण तो आजचा असतो, तुमच्या एकट्याचा असतो आणि तब्येत ठणठणीत असतानाचा असतो. लग्न, मुलं, आजारपण, म्हातारपण यातलं काहीच त्यात धरलेलं नसतं. विमा निवडताना नेमकं तेच धरायला हवं, म्हणून हा निर्णय कसा घ्यावा ते इथे क्रमाने सांगतो.

आधी जर्मनीचं वेगळेपण

युरोपात खाजगी आरोग्य विम्याचं काम सगळीकडे सारखं नाही. फ्रान्समध्ये सरकारी विमा डॉक्टरच्या बिलाचा काही भाग देतो आणि उरलेला भाग भरून काढायला लोक पूरक विमा घेतात. आयर्लंडमध्ये सरकारी सेवा असूनही रांग टाळण्यासाठी विमा घेतला जातो. नेदरलँड्समध्ये २००६ पासून मूलभूत विमाच खाजगी कंपन्यांकडून घ्यावा लागतो, पण अटी सगळ्या सरकारच्या. जर्मनीत मात्र खाजगी विमा सरकारी विम्याची जागाच घेतो. एकात गेलात की दुसऱ्यातून बाहेर. सुमारे नव्वद टक्के लोक पब्लिकमध्ये आहेत, दहा टक्क्यांच्या आसपास प्रायव्हेटमध्ये.

हा फरक युरोपीय कायद्यालाही मान्य आहे. जुलै १९९४ पासून युरोपीय संघातल्या देशांना विमा कंपन्यांचे दर आधी मंजूर करून घेण्याची सक्ती करता येत नाही. मात्र सरकारी विम्याची जागा घेणाऱ्या आरोग्य विम्यासाठी ग्राहकाच्या रक्षणाचे खास नियम ठेवायची मुभा देशांना आहे. जर्मनीने ती पुरेपूर वापरली आहे. त्या नियमांचा उपयोग कसा होतो ते पुढे येईलच.

पायरी १: निघण्यापूर्वी फाइल तयार करा

तुमच्या फॅमिली डॉक्टरकडून मागच्या दहा वर्षांचे जमतील तेवढे कागद घ्या: निदान, चालू गोळ्या, ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड, चष्म्याचा नंबर, दातांची कामं. प्रायव्हेटचा विचार नसला तरी घ्या, इथल्या डॉक्टरलाही ते लागतात.

व्हिसासाठी घेतलेली प्रवासी पॉलिसी नोकरी सुरू होईपर्यंतचीच समजा. परदेशातून येणाऱ्यांसाठीच्या स्वस्त पॉलिसीही बाजारात असतात. त्यांची मुदत मर्यादित असते, कायद्यानेच कमाल पाच वर्षं. जुने आजार, बाळंतपण, दीर्घ उपचार यांना त्यात अनेकदा कात्री लागलेली असते. नोकरदाराने त्यावर विसंबू नये.

पायरी २: ऑफर लेटरवरचा एक आकडा पाहा

२०२६ साठी तो आकडा आहे वर्षाला ७७,४०० युरो. तुमचा कापाकापीआधीचा ठरलेला पगार याच्या खाली असेल तर प्रश्नच मिटला, तुम्ही पब्लिकमध्येच जाणार. करारात लिहिलेला तेरावा पगार यात धरतात. कामगिरीवर अवलंबून असलेला, मिळेल की नाही याची खात्री नसलेला बोनस धरत नाहीत. ही मर्यादा दर वर्षी बदलते आणि साधारणपणे वाढतेच. २०२५ मध्ये ती ७३,८०० होती.

पब्लिकमध्ये विमा देणाऱ्या संस्थेला क्रांकनकासे म्हणतात. टीके, आओका, बार्मर, डाक ही नावं ऐकू येतील. कुठलीही निवडा, ती तुम्हाला नाकारू शकत नाही आणि तब्येतीबद्दल एक प्रश्नही विचारत नाही. मिळणारे उपचार बहुतांशी कायद्यानेच ठरलेले असल्यामुळे सगळीकडे जवळपास तेच. फरक पडतो मूळ दरावर ती लावते त्या जादा हप्त्याच्या टक्केवारीत आणि सेवेत. जर्मन येत नसेल तर इंग्रजीत फोन उचलणारी कासे थोडी महाग असली तरी मी तीच सुचवतो. साधारण वर्षभराने बदलता येते, आणि मध्येच तिने जादा हप्ता वाढवला तर वर्ष पूर्ण होण्याचीही वाट पाहावी लागत नाही.

पायरी ३: पगार मर्यादेच्या वर असेल तर तीन महिने मोजा

ही गोष्ट एजंट सहसा आपणहून सांगत नाही. जर्मनीत पहिल्यांदाच नोकरी लागली असेल आणि पगार मर्यादेच्या वर असेल, तर नोकरी सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तुम्ही स्वेच्छेने पब्लिकमध्ये दाखल होऊ शकता. ती मुदत टळली की तुमच्यासाठी ते दार जवळजवळ बंद होतं. उलट दिशेला अशी घाई नसते. पब्लिकमध्ये राहून दोन वर्षांनी प्रायव्हेटमध्ये जावंसं वाटलं, पगार मर्यादेच्या वर असला आणि तब्येत ठीक असली, तर तेव्हाही जाता येतं. वय वाढल्याने हप्ता थोडा जास्त पडेल, एवढंच. म्हणून मनात शंका असेल तर आधी पब्लिकमध्ये या आणि मग निवांत विचार करा.

पायरी ४: हिशेब कुटुंबाचा मांडा

एक उदाहरण घेऊ. पगार वर्षाला ९०,००० युरो, म्हणजे महिन्याला ७,५००. घरी जोडीदार आहे, त्याची सध्या कमाई नाही, आणि एक मूल आहे. पब्लिकचा हप्ता पूर्ण पगारावर लागत नाही. २०२६ मध्ये तो महिन्याच्या ५,८१२.५० युरोंपर्यंतच मोजला जातो. मूळ दर १४.६ टक्के, त्यावर कासेचा जादा हप्ता सरासरी २.९ टक्के. एकूण १७.५ टक्के म्हणजे १,०१७.१९ युरो. निम्मे नोकरी देणारी कंपनी भरते, तुमच्या वाट्याला येतात ५०८.५९. शिवाय वृद्धापकाळातल्या किंवा अपंगत्वातल्या शुश्रूषेचा सक्तीचा विमा असतो. एक मूल असलेल्या नोकरदाराचा त्यातला वाटा १.८ टक्के, म्हणजे १०४.६३ युरो. (झाक्सन राज्यात ही वाटणी थोडी वेगळी आहे. मूल नसेल तर तेविशीनंतर ०.६ टक्के जास्त.) बेरीज ६१३ युरो.

या ६१३ युरोंत तिघांचा विमा होतो. जोडीदाराची स्वतःची कमाई महिन्याला ५६५ युरोंपेक्षा जास्त नसेल तर त्याचा वेगळा हप्ता नाही. मुलांचाही नाही. दुसरं मूल झालं तरी हप्ता वाढत नाही, शुश्रूषा विम्यात उलट थोडी सूट मिळते.

प्रायव्हेटमध्ये पगाराचा संबंध नाही. दाखल होतानाचं वय, तब्येत आणि निवडलेल्या सोयी यांवर हप्ता ठरतो, आणि तो डोईमागे ठरतो. नोकरी देणारी कंपनी निम्मा भार उचलते, २०२६ मध्ये आरोग्य विम्यासाठी कमाल ५०८.५९ युरो. तुमच्या हप्त्यापोटी ती रक्कम पूर्ण वापरली गेली नाही, तर उरलेल्यातून घरच्यांच्या प्रायव्हेट हप्त्याला हातभार लागू शकतो. तरीही तीन-चार माणसांची बेरीज केली की एजंटने दाखवलेली बचत बहुधा उरत नाही. आणखी एक अडचण आहे. नवरा-बायकोपैकी एक जण प्रायव्हेटमध्ये असेल, त्याचा पगार मर्यादेच्या वर असेल आणि पब्लिकमधल्या जोडीदारापेक्षा त्याची कमाई जास्त असेल, तर मुलांना पब्लिकमधला फुकटचा कुटुंब विमा मिळत नाही.

बाळंतपणानंतरच्या रजेचाही विचार करा. पब्लिकमधल्या सक्तीच्या सदस्याला सरकारी पालक भत्ता मिळत असताना त्या भत्त्यावर हप्ता भरावा लागत नाही. प्रायव्हेटवाल्याचा हप्ता चालूच राहतो, आणि पगार नसल्यामुळे कंपनीचा निम्मा वाटाही बंद होतो. मूल आजारी पडलं म्हणून घरी राहिलात तर पब्लिकमध्ये त्या दिवसांचा भत्ता मिळतो, प्रायव्हेटमध्ये तसा हक्क नाही.

मग प्रायव्हेट कुणी घ्यावा? दोघांनाही भरपूर पगार असेल, मुलांचा विचार नसेल किंवा प्रत्येकाचा हप्ता सहज झेपत असेल, तब्येतीचा इतिहास स्वच्छ असेल आणि आज वाचणारे पैसे म्हातारपणासाठी खरोखर बाजूला टाकायची शिस्त असेल, त्यांना तो चांगला आहे. विशेषज्ञाची वेळ लवकर मिळते, पॉलिसीत असेल तर रुग्णालयात स्वतंत्र खोली आणि मुख्य डॉक्टरचे उपचार मिळतात. हे फायदे खरे आहेत. पण कुटुंब येणार असेल किंवा पुढचं काहीच ठरलेलं नसेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: पब्लिकमध्ये राहा.

वयाची पंचावन्न वर्षं ही रेघही डोक्यात पक्की ठेवा. त्याआधी पगार मर्यादेच्या खाली आला तर साधारणपणे पब्लिकमध्ये परत येता येतं. पंचावन्ननंतर, थोडे अपवाद सोडले तर, परतीची वाट नाही. निवृत्तीवेतन पगारापेक्षा कमी असतं, हप्ता मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही. आणि दर वर्षी मर्यादा वर सरकून तुमचा पगार तिच्याखाली गेला, तर तुम्ही आपोआप पब्लिकमध्ये येता. तेव्हा तीन महिन्यांत अर्ज करून प्रायव्हेटमध्ये राहण्याची सवलत मागता येते, पण ती मागे घेता येत नाही. कुणी तो अर्ज पुढे केला तर त्याच दिवशी सही करू नका.

पायरी ५: प्रायव्हेटच ठरलं, तर फॉर्म प्रामाणिकपणे भरा

आपल्याकडे एजंटने फॉर्म भरायचा आणि आपण सही करायची ही सवय असते. इथे ती महागात पडते. विमा कंपनी साधारणपणे मागच्या तीन वर्षांतले बाहेरचे उपचार आणि पाच किंवा दहा वर्षांतल्या रुग्णालयातल्या भरती विचारते. मानसोपचार, समुपदेशन यांचा वेगळा प्रश्न असतो. थायरॉइडची रोजची गोळी, बीपी, "बॉर्डरवरची" शुगर, पाठदुखीसाठी घेतलेली फिजिओथेरपी, सगळं लिहा. भारतात झालं म्हणून ते मोजत नाहीत असं अजिबात नाही. माहिती दडवल्याचं पुढे निघालं तर कंपनीला करार मोडता येतो किंवा जादा हप्ता लावता येतो. यासाठी तिला तीन वर्षं मिळतात, जाणूनबुजून दडवलं असेल तर दहा. मोठं आजारपण आल्यावरच जुने कागद तपासले जातात, हे विसरू नका.

आजार असेल तर आधी निनावी चौकशी करून घ्या. नाव न देता दोन-चार कंपन्यांना तुमची माहिती पाठवता येते. एकदा नावानिशी अर्ज करून नकार आला, तर पुढच्या फॉर्ममध्ये "पूर्वी कुणी नाकारलं आहे का" या प्रश्नाला होय म्हणायची वेळ येऊ शकते. मध्यस्थाला विकलेल्या पॉलिसीवर कमिशन मिळतं. त्याला कायद्याने मर्यादा असली तरी ते कित्येक महिन्यांच्या हप्त्यांइतकं असतं. पैसे देऊन निःपक्ष सल्ला हवा असेल तर प्रत्येक राज्यात फरब्राउखरत्सेंट्राले ही ग्राहक सल्ला संस्था आहे. तिथली फी वाया जात नाही.

पायरी ६: पॉलिसीत काय वाचायचं

बाकी सगळं चाळलंत तरी चालेल, दोन गोष्टी मात्र नीट वाचा.

पहिली, आजारपणाच्या रजेतला पगार. नोकरी देणारी कंपनी सहा आठवडे पूर्ण पगार देते. त्यानंतर पब्लिकमध्ये कासेकडून ढोबळ पगाराच्या ७० टक्के (निव्वळ पगाराच्या ९० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि वरची मर्यादा वेगळी) असा भत्ता एकाच आजारासाठी तीन वर्षांत ७८ आठवड्यांपर्यंत मिळतो. प्रायव्हेटमध्ये हा भत्ता स्वतंत्रपणे विकत घ्यावा लागतो. क्रांकनटागेगेल्ड असा शब्द पॉलिसीत सापडला नाही, तर त्रेचाळिसाव्या दिवसापासून घरात एक पैसाही येणार नाही.

दुसरी, दर वर्षी पहिले किती युरो तुम्ही स्वतः भरायचे. ही रक्कम मोठी ठेवली की हप्ता छोटा दिसतो. पण हप्त्यात नोकरी देणाऱ्या कंपनीचा वाटा असतो, स्वतः भरायच्या रकमेत नसतो. नोकरदाराला ती मोठी ठेवून फारसा फायदा होत नाही.

सही केल्यावरही करार मागे घ्यायला १४ दिवस मिळतात.

पायरी ७: बिल हातात आल्यावर

पब्लिकमध्ये कार्ड दाखवलं की काम झालं. औषधाला किमतीच्या दहा टक्के, किमान ५ आणि कमाल १० युरो, आणि रुग्णालयात दिवसाला १० युरो, तेही वर्षात फार तर २८ दिवस.

प्रायव्हेटमध्ये डॉक्टरचं बिल तुमच्या घरी येतं. समजा खोकल्यासाठी गेलात. बिलावर दोन ओळी असतील: क्रमांक १, सल्ला, क्रमांक ५, तपासणी. सरकारी दरपत्रकात दोन्हींचा मूळ दर ४.६६ युरो आहे. त्याला २.३ ने गुणलेलं असेल, म्हणून प्रत्येकी १०.७२, एकूण २१.४४. हा गुणक तुमच्या कामाचा आहे. २.३ पर्यंत नेहमीचं मानलं जातं, त्यावर ३.५ पर्यंत जायचं तर डॉक्टरने कारण लिहावं लागतं. तुमची पॉलिसी कितीपर्यंत देते ते आधीच पाहून ठेवा. बिल तुम्ही भरायचं, मग अॅपवरून कंपनीला पाठवायचं. एमआरआय किंवा ऑपरेशनचं बिल मोठं असतं, त्यामुळे खात्यात थोडी रक्कम हाताशी असू द्या.

पायरी ८: हप्ता वाढला तर

वाढणारच. पण विमा कंपनीला मनाला येईल तेव्हा आणि येईल तितकी वाढ करता येत नाही. प्रत्यक्ष खर्च आणि आधी धरलेला खर्च यांत ठरावीक तफावत पडली तरच ती दर फेरमोजू शकते. कायद्याने ही तफावत दहा टक्क्यांहून जास्त लागते, काही करारांत पाच. शिवाय स्वतंत्र विश्वस्ताची संमती लागते. याच पद्धतीमुळे दोन-तीन वर्षं काहीच हलत नाही आणि मग एकदम मोठी वाढ अंगावर येते.

तरुणपणीच्या हप्त्यातला काही भाग म्हातारपणासाठी राखून ठेवणं कंपनीला बंधनकारक आहे. २१ ते ६० या वयात त्यासाठी दहा टक्के अधिभारही घेतला जातो. कंपनी बदललीत तर या साठ्याचा एक भागच बरोबर येतो, त्यामुळे कंपनी बदलणं परवडत नाही. त्याऐवजी त्याच कंपनीतल्या दुसऱ्या, स्वस्त योजनेत जा. विमा करार कायद्याच्या कलम २०४ ने हा हक्क दिला आहे आणि साठा पूर्ण शाबूत राहतो. पत्रात कलमाचा उल्लेख करा, उत्तरात फरक पडतो.

आजारी पडलात म्हणून कंपनी तुम्हाला काढू शकत नाही. अगदीच झेपेनासं झालं तर २००९ पासून मूलभूत योजना आहे. तिचा हप्ता पब्लिकच्या कमाल हप्त्याहून जास्त असू शकत नाही. स्त्री आहे म्हणून वेगळा दर २१ डिसेंबर २०१२ नंतरच्या करारांत लावता येत नाही, युरोपीय न्यायालयाचा तसा निकाल आहे. तक्रार असेल तर आधी खाजगी आरोग्य विम्याच्या लोकपालाकडे जा, तिथे फी नाही. कंपन्यांवर देखरेख बाफिन या केंद्रीय संस्थेची असते.

आई-बाबा येणार असतील

पब्लिकचा कुटुंब विमा जोडीदार आणि मुलांपुरता आहे, आई-वडिलांना त्यात घालता येत नाही. भेटीला येताना शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंची प्रवासी पॉलिसी लागतेच. मी यापेक्षा जास्त रकमेची घ्यायला सांगेन, आणि जुन्या आजारांचं काय ते एजंटकडून लेखी घ्या. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या आई-बाबांसाठी सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच असते.

दुसऱ्या देशात बदली झाली तर

जर्मनीतले आडाखे तिथे चालत नाहीत. नेदरलँड्समध्ये चार महिन्यांत मूलभूत विमा घ्यावाच लागतो. कुठलीही कंपनी नाकारू शकत नाही, अठराखालच्या मुलांना हप्ता नाही, आणि वर्षाचे पहिले ३८५ युरो (फॅमिली डॉक्टरची भेट वगळून) तुमचे. स्वित्झर्लंडमध्ये मुदत तीन महिन्यांची. तिथे मूलभूत विम्याला नकार देता येत नाही, पण पूरक विम्यासाठी तब्येत विचारली जाते. फ्रान्समध्ये खाजगी क्षेत्रातल्या कंपनीला २०१६ पासून पूरक विमा द्यावाच लागतो आणि किमान निम्मा हप्ता तिचा असतो. आयर्लंडमध्ये वय ३५ किंवा जास्त असेल तर देशात आल्यापासून नऊ महिन्यांत विमा घ्या, नाहीतर ३४ च्या वरच्या प्रत्येक वर्षामागे हप्ता दोन टक्क्यांनी चढतो. जुन्या आजारांसाठी मात्र तिथे पाच वर्षांपर्यंत थांबावं लागतं.

भारतात परत जाताना महापालिकेत नाव कमी केल्याचा कागद कासेला किंवा कंपनीला पाठवा, नाहीतर हप्त्याची मागणी चालू राहते. प्रायव्हेटमध्ये असाल आणि पुन्हा जर्मनीत यायचं मनात असेल, तर करार बंद करण्याआधी आनवार्टशाफ्टबद्दल विचारा. थोडा हप्ता भरून हक्क राखून ठेवायची ही सोय आहे. परत आलात की तब्येतीची नव्याने चौकशी होत नाही.